गेटकेन

साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात 'गेटकेन' हा रोजचा शब्द. कार्यक्षेत्रातल्या शेतकऱ्याने ऊस लावला की त्याची नोंद होते. गट नंबर, उसाची जात, लागणीची तारीख रजिस्टरला चढते आणि त्या तारखेच्या क्रमाने पाळी येते. कारखान्याचा चिटबॉय उसाचा फड बघून जातो, मग तोडचिठ्ठी निघते. गेटकेनला यातलं काहीच लागत नाही. ऊस हद्दीबाहेरचा, बिगरनोंदीचा. गाडी थेट गेटवर येते, काट्यावर वजन होतं, मोळ्या गव्हाणीत पडतात.

हा इंग्रजी जोडशब्द बीडच्या ऊसतोड मजुरांनी गावी आणला आणि लग्नाला लावला. झटपट ठरवून, पत्रिका-मांडवाशिवाय, चार माणसांत उरकलेलं लग्न म्हणजे गेटकेन. नोंद नाही, पाळी नाही, चौकशी नाही. पुष्कळदा नवरीचं वयही भरलेलं नसतं.

धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून दसरा-दिवाळीच्या सुमाराला हजारो कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडीला जातात. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्याचा अर्धा कोयता. एकाने ऊस तोडायचा, दुसऱ्याने मोळी बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. पोराचं लग्न झालं की कोयता पुरा होतो, उचल वाढते. मुलीच्या घरी चिंता वेगळी. पाच-सहा महिने आई-बाप फडात असताना वयात आलेली पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? बरोबर न्यावी तर तळावरच्या कोपीला, म्हणजे झोपडीला, धड दारही नसतं. या आई-बापांना नुसती नावं ठेवणं मला पटत नाही. हंगामभर मुलींना सांभाळणारं वसतिगृह गावाजवळ असतं, तर यातली कितीतरी लग्नं लांबली असती.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमधल्या २० ते २४ वयाच्या ४३.७ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं आढळलं. राज्याचा आकडा २१.९ टक्के, म्हणजे बीडच्या निम्मा.

२००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याखाली गावात ग्रामसेवकच प्रतिबंध अधिकारी असतो. दसऱ्याच्या तोंडावर असं लग्न ठरल्याचं कानावर आलं तर त्याला गाठा, नाहीतर १०९८ वर फोन करा. हळद लागायच्या आत करा.