क्रिशच्या मुखवट्याचं कूळ

2013 च्या ऑक्टोबरात कार्टून नेटवर्कवर 'किड क्रिश' नावाचा ॲनिमेशनपट आला. 'क्रिश 3' थिएटरात लागायला अजून काही आठवडे होते. तो 1 नोव्हेंबरला आला. छोट्या पडद्यावरचा नायक होता मोठ्या पडद्यावरच्या कृष्णाचं, म्हणजेच क्रिशचं, बालरूप. शाळकरी वय, सवंगड्यांची टोळी, अचाट शक्ती आणि डोळ्यांवर तोच काळा मुखवटा. मुलांना त्यात काही वावगं वाटलं नाही. पण 2006 चा 'क्रिश' ज्यांनी मन लावून पाहिला होता, त्यांना तो मुखवटा खटकायला हवा होता. मूळ कथेत या वयाच्या कृष्णाने मुखवटा पाहिलेलाही नसतो.

मुखवटा सापडतो तो प्रसंग सिंगापूरचा आहे. कृष्णा तरुण झालाय, प्रेयसी प्रियाच्या मागे परदेशी आलाय. आपल्यातली शक्ती कुणाला दाखवायची नाही, असं वचन त्याने आजीला दिलेलं आहे, कारण त्याच शक्तीपायी तिने मुलगा गमावला. सर्कशीचा खेळ रंगलेला असताना तंबूला आग लागते आणि मुलं आत अडकतात. वचन मोडलं तर आजी दुखावणार, पाळलं तर मुलं जळणार. तेवढ्यात जमिनीवर पडलेला एक फुटका मुखवटा त्याला दिसतो. तो चेहऱ्यावर चढवून कृष्णा आगीत शिरतो. म्हणजे क्रिशचा मुखवटा शोभेसाठी किंवा शत्रूला घाबरवण्यासाठी आलेला नाही. घरच्या माणसाला दिलेला शब्द आणि समोरचा जीव, दोन्ही राखण्यासाठी आयत्या वेळी सापडलेली ती वाट आहे. राकेश रोशन यांच्या या मालिकेतला पटकथेच्या दृष्टीने सर्वांत नेटका प्रसंग कोणता, असं विचारलं तर याच आगीकडे बोट दाखवावं लागेल.

आणि ती सर्कस कोणती? 'ग्रेट बॉम्बे सर्कस'. हे नाव काल्पनिक नाही. बाबूराव कदम यांनी 1920 मध्ये 'ग्रँड बॉम्बे सर्कस' या नावाने ती उभी केली आणि पुढे केरळच्या सर्कसवाल्यांच्या हाती ती 'ग्रेट' झाली. त्याच्याही चाळीस वर्षं आधी, 1880 मध्ये, विष्णुपंत छत्र्यांनी भारतीय माणसांची पहिली मोठी सर्कस उभारली होती. हिंदी सिनेमातल्या सर्वांत गाजलेल्या विज्ञाननायकाचा मुखवटा अशा तंबूत सापडावा, ज्याची पाळंमुळं मराठी माणसाच्या धाडसात आहेत, याची नोंद मराठीत तरी व्हायला हवी.

मुखवट्याच्या मागे आणखी एक पिढी आहे. 8 ऑगस्ट 2003 ला 'कोई... मिल गया' आला. संजय मेहरा हा शास्त्रज्ञ संगणकावरून 'ओम'च्या ध्वनीचे संकेत अवकाशात पाठवतो, त्यांना उत्तर येतं, पण अपघातात तो जातो. बुद्धीची वाढ खुंटलेला त्याचा मुलगा रोहित, म्हणजे पुढे कृष्णाचा बाप, वडिलांचा जुना संगणक सुरू करतो आणि त्या संकेतांवर आलेल्या यानातला परग्रहावरचा एक निळा जीव मागे राहून जातो. तोच जादू. उन्हावर जगणारा, ढग आले की मलूल होणारा. पोशाखाच्या आत इंद्रवदन पुरोहित होते. देशभरातल्या मुलांना ज्या जिवाचा लळा लागला, त्याच्या आतल्या नटाचं नाव त्यांच्यातल्या फार थोड्यांना कधी कळलं. रोहित साकारणाऱ्या हृतिक रोशनच्या उजव्या हाताला जोड अंगठा आहे. तो लपवण्याऐवजी दिग्दर्शकाने जादूलाही तसाच अंगठा दिला आणि माणूस व परग्रहवासी यांच्यातलं नातं एका शब्दाविना दाखवलं.

जादूच्याही मागे जायचं तर वाट बंगालला जाते. सत्यजित राय यांनी 1962 मध्ये 'संदेश' या मुलांच्या मासिकात 'बंकुबाबूर बंधू' ही कथा लिहिली. त्यात खेड्यातल्या एका भिडस्त मास्तराला परग्रहावरचा पाहुणा भेटतो. त्याच सूत्रावर राय यांनी 1967 मध्ये 'द एलियन'ची पटकथा तयार केली आणि कोलंबिया पिक्चर्सशी बोलणी झाली, पण चित्रपट उभा राहिला नाही. 1982 मध्ये स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'ई.टी.' आला, तेव्हा आपल्या पटकथेच्या प्रती हॉलिवूडमध्ये फिरत होत्या याकडे राय यांनी लक्ष वेधलं. स्पीलबर्ग यांनी ते मान्य केलं नाही. पुढे 'कोई... मिल गया'वर 'ई.टी.'ची छाप असल्याची टीका झाली, ती रास्तही होती. पण ज्या झाडाची ती फांदी, त्याचं बी कोलकात्याच्या एका बालमासिकात पडलं होतं, हे टीका करताना बहुतेकांनी ध्यानात घेतलं नाही.

जादू चित्रपटाच्या शेवटी आपल्या जगात परत जातो. टीव्हीला मात्र तो हवा होता. 2004 हे वर्ष मुलांच्या वाहिन्यांचं होतं: जानेवारीत पोगो, पुढे हंगामा, वर्षाच्या शेवटी डिस्ने चॅनल. निकलोडियन 1999 पासून होतं आणि कार्टून नेटवर्क 1995 पासून. या सगळ्यांकडे परदेशी कार्यक्रमांचा साठा मोठा होता. कमी होती ती इथल्या मुलाने नावानिशी ओळखावं अशा पात्रांची. म्हणून निकलोडियनवर त्याच वर्षी 'जे बोले तो जादू' सुरू झालं. निरोप घेऊन गेलेल्या जादूला मुलांबरोबर नव्या करामती करायला पुन्हा कामाला लावलं गेलं. नावातला 'बोले तो' थेट मुंबईच्या नाक्यावरून उचललेला आहे. हिंदी विज्ञानपटाच्या घराण्यातलं टीव्हीवरचं हे थोरलं अपत्य. आज ते जवळपास विस्मृतीत गेलंय.

नऊ वर्षांनी आलेलं धाकटं अपत्य जास्त तयारीनिशी आलं. रोशन यांच्या फिल्मक्राफ्टबरोबर काम केलं ते तिरुवनंतपुरमच्या टूंझ ॲनिमेशनने. 1999 मध्ये टेक्नोपार्कमध्ये सुरू झालेल्या या कंपनीने आधी तेनाली रामन टीव्हीवर आणला होता आणि परदेशी कामंही केली होती. नटाच्या तारखा मिळवणं, तारेवर लटकून केलेली मारामारी, परदेशातलं चित्रीकरण हे सगळं रेखाटलेल्या नायकाला लागत नाही. तो थकत नाही, त्याचं वय वाढत नाही आणि तो एका भागात भूतानला, दुसऱ्यात मंगोलियाला जाऊ शकतो. 'किड क्रिश'चे पुढचे भाग खरोखरच त्या देशांत घडतात. क्रिशसारखा नायक दर आठवड्याला खऱ्या नटासह टीव्हीवर आणणं खर्चिक ठरलं असतं. म्हणून आपल्याकडे विज्ञानपटाचा टीव्हीवरचा वारस कार्टून झाला, आणि कार्टून झाला म्हणून तो लहान झाला.

लहान झाल्यावर अडचण आली ती मुखवट्याची. कथेप्रमाणे आजी लहानग्या कृष्णाला दूर डोंगरात नेऊन लपवते, कारण शाळेत त्याच्या बुद्धीची चमक दिसते आणि तिला धास्ती वाटते. तो मुलगा सगळ्यांदेखत पराक्रम करणार नाही आणि मुखवटा तर त्याच्याकडे नसेलच. पण मुखवट्याशिवाय क्रिश ओळखणार कोण? तेव्हा कथेने माघार घेतली. मोठ्या कृष्णाच्या आयुष्यात तरुणपणी घडलेली गोष्ट बालरूपाच्या आयुष्यात आधीच घडलेली ठरली.

यात केवळ आपल्याकडचा निष्काळजीपणा पाहू नये. 'टर्मिनेटर'च्या तिसऱ्या चित्रपटाने 2003 मध्ये सारा कॉनर रक्ताच्या कर्करोगाने गेल्याचं सांगून टाकलं होतं. 2008 च्या जानेवारीत फॉक्स वाहिनीवर 'टर्मिनेटर: द सारा कॉनर क्रॉनिकल्स' आली, तेव्हा लेखक जॉश फ्रीडमन यांनी दुसऱ्या चित्रपटानंतरची वेगळीच वाट धरली. पहिल्याच भागात मायलेक 1999 मधून थेट 2007 मध्ये उडी मारतात आणि साराचं मरण मध्येच ओलांडलं जातं. मात्र तिथे त्या उडीचा भार मालिकेने वाहिला: लेना हेडीची सारा त्या आजाराच्या सावटाखाली वावरते. दोन हंगाम आणि 31 भागांनंतर 2009 मध्ये मालिका बंद पडली, तरी तिचे चाहते अजून टिकून आहेत. वंशावळ बदलली म्हणून कुणी रागावत नाही. बदलाला कारण दिलं की प्रेक्षक सोबत येतो. 'किड क्रिश'ने कारण दिलं नाही. आजी, वचन, आग हे सगळं गेलं आणि मुखवटा तेवढा गणवेशासारखा उरला. सहासात वर्षांच्या मुलाला दिलेला शब्द आणि समोरचं संकट यांतली ओढाताण कळत नाही, असं समजण्याचं काहीच कारण नव्हतं.

वर्धा जिल्ह्यातून पाहिलं की आणखी एक गोष्ट जाणवते, ती भाषेची. 1936 मध्ये राष्ट्रभाषा प्रचार समिती वर्ध्यात स्थापन झाली आणि 1997 मध्ये हिंदीचं आंतरराष्ट्रीय विद्यापीठही इथेच आलं. हिंगणघाट, पुलगाव, आर्वीच्या बाजारात हिंदी पहिल्यापासून आहेच. तरी या पिढीच्या पोरांच्या तोंडी हिंदी बसवली ती केबलवरच्या कार्टूननी, आणि परीक्षा-प्रमाणपत्र न घेता. मराठी मुलांसाठी क्रिश, जादू हिंदीतच बोलले. ज्या राज्यात हे चित्रपट तयार झाले, त्या राज्याच्या भाषेत या पात्रांना आवाज देण्याची गरज कुणाला वाटली नाही, ही सल आजही जात नाही.

'किड क्रिश'चा मार्ग मात्र पुढे मळला. 2018 मध्ये डिस्कव्हरी किड्सवर 'लिटल सिंघम' आला. सिनेमातला बाजीराव सिंघम मराठी फौजदार. त्याचं बालरूप शाळकरी वयातच पोलिसाच्या वर्दीत. पुन्हा तेच: ओळखीची खूण आधी, वय नंतर. 2019 मध्ये त्याच वाटेने 'गोलमाल ज्युनियर' आलं.

विज्ञानपटांच्या घराण्यात खरा पालट व्हायला 2024 उजाडावं लागलं. नाग अश्विन यांचा 'कल्की 2898 एडी' 27 जूनला यायचा होता. त्याआधी 31 मे रोजी प्राइम व्हिडिओवर 'बुज्जी अँड भैरवा' हे दोन भागांचं ॲनिमेशन आलं, छोटा भीम घडवणाऱ्या हैदराबादच्या ग्रीन गोल्डने केलेलं. इथे नायकाला लहान केलं नाही. भैरवा आणि त्याची बोलकी गाडी बुज्जी चित्रपटाच्या आधी कशी भेटली, एवढीच गोष्ट सांगितली. चित्रपटात जिथे ते दोघं दिसतात, त्याच्या अलीकडे येऊन ती थांबते. बुज्जी कागदावरच राहिली नाही. महिंद्राच्या अभियंत्यांनी आणि कोइमतूरच्या जयेम ऑटोमोटिव्हजने ती खरीखुरी, चालणारी गाडी बांधली, आणि चित्रपट लागण्याआधी ती शहराशहरांतून फिरली.