हाताजोगी गाडी

विश्रांतवाडीच्या चौकातून आळंदी रस्त्याने दिघीकडे निघाले की कळसजवळ संरक्षण संशोधन व विकास संघटनेची एक प्रयोगशाळा लागते. ‘संशोधन व विकास आस्थापना (अभियंते)’ असे तिचे भारदस्त नाव. लष्करी पुलांसारख्या अवजड कामांसाठी ती ओळखली जाते. पण ‘दक्ष’ नावाची एक दूरनियंत्रित गाडीही तिथेच तयार झाली. संशयित बॉम्बपाशी माणसाऐवजी ही गाडी जाते. चालक पाचशे मीटरपर्यंत दूर राहून, कॅमेऱ्याच्या डोळ्याने पाहत, रेडिओलहरींमार्फत तिला हुकूम देतो. अशा पहिल्या पाच गाड्या २०११ च्या डिसेंबरात लष्कराच्या हवाली झाल्या.

आता मुलांच्या हातात दिसणारी रिमोटची मोटार आठवा. दोघींचे कूळ एकच. मात्र दक्षच्या चालकाला गाडी इंचाइंचाने सरकायला हवी, तर शर्यतीच्या छोट्या गाडीच्या चालकाला ती बोटाच्या इशाऱ्यासरशी वळायला हवी, आणि तरीही हाताबाहेर जाता कामा नये. चांगली गाडी कोणती, हे चालवणाऱ्या हाताला सोडून ठरवता येत नाही. अभियंत्यांना हे उमगायला बराच काळ लागला. त्या वाटेवर आपल्या पाठ्यपुस्तकातल्या एका नियमालाही थोडे खरचटले आहे.

दूरनियंत्रणाची सुरुवात पाण्यात झाली. १८९५ च्या सुमारास जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यात विद्युतचुंबकीय लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली. १८९८ मध्ये निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात हौदातली एक छोटी बोट तारेशिवाय चालवली. पाहणाऱ्यांपैकी काहींना त्यात जादू वाटली म्हणतात. रस्त्यावर धावणारी खेळण्यातली मोटार बाजारात येण्यासाठी मात्र ट्रान्झिस्टर यावा लागला. १९६६ मध्ये एका इटालियन कंपनीने फेरारीची बाराव्या हिश्श्याची रेडिओनियंत्रित प्रतिकृती विकायला काढली. १९७६ च्या अखेरीस जपानमधील शिझुओका गावच्या तामिया कंपनीने पोर्श ९३४ ही विजेवर चालणारी, घरी जोडायची गाडी आणली. तिच्या तयारीसाठी शुन्साकु तामिया यांनी चक्क एक खरी पोर्श विकत घेऊन सुटी करून पाहिली होती! अशा संचांमुळे हा छंद सामान्य घरांत पोचला. आपण जोडलेली गाडी पुन्हा उघडता येते, त्यातली स्प्रिंग बदलून पाहता येते, हे त्यातले खरे शिक्षण. १९९९ च्या सुमारास क्योशो कंपनीची ‘मिनी-झी’ आली. ही अठ्ठाविसाव्या हिश्श्याची, म्हणजे जेमतेम १५ सेंटिमीटर लांबीची गाडी. हिची शर्यत वर्गाच्या फरशीवरही होऊ शकते.

गाडी वळते कशी, हा प्रश्न याहून जुना. बैलगाडीला दोनच चाके, त्यामुळे तिची अडचण कमी. चार चाकांच्या घोडागाडीत पुढचा आख्खा आस फिरवावा लागे. म्युनिकचा गाडीकार गेओर्ग लांकेन्स्पेर्गर याने पुढचे प्रत्येक चाक वेगळे वळवण्याची युक्ती काढली. आतले चाक लहान वर्तुळावर धावते, म्हणून ते बाहेरच्यापेक्षा जास्त वळले पाहिजे, हे त्यामागचे तत्त्व. १८१८ मध्ये या युक्तीचे इंग्लंडमधले पेटंट त्याच्या वतीने रुडॉल्फ आकरमान या लंडनमधील प्रकाशकाने घेतले आणि नाव त्याचेच चिकटले. आजही छोट्या गाड्यांचे शौकीन ‘आकरमान किती ठेवलास?’ असे एकमेकांना विचारतात, तेव्हा बिचाऱ्या गाडीकाराची कुणाला आठवण नसते.

पण ही झाली नुसती भूमिती. चाक ज्या दिशेला तोंड करून आहे, अगदी त्याच दिशेला ते जाते असे तिने गृहीत धरले आहे. हवा भरलेला रबरी टायर तसे करत नाही. वळताना तो थोडा मुरडतो आणि तोंडाच्या दिशेपासून काही अंश बाजूला सरकत जातो. १९२५ मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज ब्रूलिए याने या सरकण्याकडे लक्ष वेधले. पुढे मॉरिस ऑली या ब्रिटिश अभियंत्याने त्यातून गाडीच्या स्वभावाचा अर्थ लावला. रोल्स-रॉइसमध्ये काम केलेला ऑली १९३० मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेला. १९३२ मध्ये त्याने एका मोठ्या गाडीवर सरकवता येणारी वजने बसवली. स्प्रिंगाही बदलता येतील अशी सोय केली आणि लोकांना त्यात बसवून फिरवले. बसणाऱ्याचा आराम मोजणारे उपकरण नव्हते. तेव्हा बसलेल्यांनाच विचारायचे, कोणती मांडणी बरी वाटली? माणसाचे मत हेच माप मानणे तेव्हाच्या अभियंत्यांना थोडे कमीपणाचे वाटले असेल. पण प्रयोग पद्धतशीर होता, कारण बदल मोजून केलेले होते.

याच काळात दोन शब्द रूढ झाले. वळणावर पुढची चाके जास्त सरकली तर गाडी हव्या त्या वळणापेक्षा बाहेर जाते, हे अंडरस्टिअर. मागची जास्त सरकली तर शेपूट बाहेर फेकली जाऊन गाडी गर्रकन फिरते; हे ओव्हरस्टिअर. गाडीची मांडणी करणे म्हणजे बरेचसे या दोहोंमधला तोल साधणे.

हा तोल स्प्रिंगने कसा बदलतो? इथे आपला घर्षणाचा नियम येतो. घर्षणबल पृष्ठभागावरील लंब बलाच्या समप्रमाणात असते, असे आपण शिकवतो. अमाँताँने १६९९ मध्ये तो मांडला आणि कुलाँने १७८५ मध्ये तो प्रयोगांनी पक्का केला. समजा, पुढच्या प्रत्येक चाकावर ४० ग्रॅम भार आहे. वळताना गाडी बाहेरच्या बाजूला कलते. बाहेरच्या चाकावर ६० ग्रॅम आणि आतल्यावर २० ग्रॅम भार येतो. नियमाप्रमाणे बेरीज तीच, म्हणून पकडही तीच. मग स्प्रिंग ताठ असो की मऊ, फरक पडायलाच नको!

फरक पडतो, कारण रबर हा नियम तंतोतंत पाळत नाही. भार दुप्पट झाला तर पकड वाढते, पण दुपटीपेक्षा कमी. समजण्यापुरते आकडे घेऊ: ४० ग्रॅमला ४० इतकी पकड, ६० ला ५६ आणि २० ला २१. म्हणजे सरळ जाताना जोडीची पकड ८० होती, ती वळताना ७७ झाली. जितका भार एका चाकावरून दुसऱ्यावर सरकेल, तितका जोडीचा तोटा. पुढची स्प्रिंग ताठ केली की सरकणाऱ्या भारातला मोठा वाटा पुढची जोडी उचलते, म्हणून तिची पकड घटते. गुळगुळीत जमिनीवर ज्या टोकाला ताठ करावे ते टोक आधी सुटते. मिनी-झीत मागचा भाग पुढच्याला एका पातळ पट्टीने जोडलेला असतो; ती पट्टी जास्त ताठ घातली की शेपूट मोकळी होते.

मग कुणी कोणती पट्टी घालावी? इथे आकारमान आडवे येते. लंबक आखूड केला की त्याचा आवर्तनकाल लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. गाडीचेही साधारण तसेच. २८ चे वर्गमूळ सुमारे ५.३, म्हणून मोठ्या गाडीत जे घडायला एक सेकंद लागतो ते मिनी-झीत ०.१९ सेकंदात आटोपते. चालकाचा मेंदू काही अठ्ठाविसाव्या हिश्श्याचा नसतो! पडणारी पट्टी बोटांत पकडण्याचा प्रयोग आपण वर्गात करतो. ती २० सेंटिमीटर पडून हाती लागली, तर प्रतिक्रियेला सुमारे ०.२ सेकंद गेला. म्हणजे शेपूट सुटल्याचे दिसेपर्यंत गाडी फिरून मोकळी. शिवाय चालक गाडीत बसलेला नसतो, त्याला आसनातून काही जाणवत नाही, आणि गाडी त्याच्याकडे येत असली की डावे-उजवे उलटते.

म्हणून हिसका देऊन वळवणाऱ्याला मागे भरपूर पकड असलेली, थोडी सुस्त गाडी वेगवान ठरते. ज्याचा हात हळुवार आहे आणि जो आधीपासून अंदाज घेतो, त्याला तीच गाडी जड वाटते; त्याने शेपूट थोडी मोकळी ठेवावी. हातातल्या यंत्रातही सोय असते. ‘एक्स्पो’ वाढवले की चक्राच्या सुरुवातीच्या हालचालीला चाके कमी वळतात आणि पुढे जास्त. थरथरत्या हाताला याचा उपयोग होतो.

पण नवशिके सहसा विजेत्याच्या गाडीची मांडणी उतरवून घेतात, आणि मग स्वतःच्या हाताला दोष देतात. मोठ्यांच्या जगातही हे घडले आहे. मिखाएल शूमाकर १९९५ मध्ये बेनेटन गाडीवर जगज्जेता झाला. १९९६ मध्ये त्या संघात आलेल्या बर्गर आणि अलेसी या मुरलेल्या चालकांना तिथली गाडी भलतीच चंचल वाटली. वैमानिकांच्या बाबतीत तर १९६९ मध्ये कूपर आणि हार्पर यांनी विमान हाताळायला किती सोपे हे वैमानिकाने एक ते दहा अंकांत सांगायची रीतच घालून दिली. ऑलीचाच मार्ग, फक्त आकड्यांत.

शाळेत हे करून पाहायला महागडी गाडी लागत नाही. बाजारातली साधी रिमोटची मोटार चालेल, फक्त तिची पुढची चाके वळणारी हवीत. फरशीवर खडूने वर्तुळ काढा. आधी मागच्या दोन्ही टायरांभोवती गुळगुळीत चिकटपट्टी गुंडाळून गाडी वर्तुळावर फिरवा. मग ती काढून पुढच्या टायरांना गुंडाळा. दोन-तीन मुलांना चालवायला देऊन प्रत्येकाला एक ते दहा गुण द्यायला सांगा, पण गुण एकमेकांना दाखवू देऊ नका. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहायचा. पट्टी दोन्ही बाजूंच्या टायरांना सारखीच गुंडाळली आहे ना हे पाहा, नाहीतर गाडी सरळसुद्धा जाणार नाही.