बकचे कूळ

कॅनडाच्या युकॉन प्रदेशातल्या क्लोंडाइकच्या खोऱ्यात सोने सापडले ते ऑगस्ट १८९६ मध्ये, रॅबिट क्रीक नावाच्या ओढ्यात. बातमी बाहेरच्या जगाला कळायला जवळजवळ वर्ष लागले. जुलै १८९७ मध्ये ‘एक्सेल्सियर’ ही बोट सान फ्रान्सिस्कोच्या धक्क्याला लागली, पाठोपाठ ‘पोर्टलँड’ सिअॅटलला आली, आणि खाणकऱ्यांच्या पेट्या-पोत्यांतले सोने लोकांनी डोळ्यांनी पाहिले. मग झुंबड उडाली. सुमारे लाखभर माणसे घर सोडून निघाली. त्यांतली तीस-चाळीस हजारच क्लोंडाइकच्या मुखाशी उठलेल्या डॉसन शहरापर्यंत पोचली.

बाकीच्यांना कशाने गाठले, असे विचारले तर थंडी आणि हिमवादळे चटकन डोळ्यांपुढे येतात. मला वाटते, थंडीच्या आधी त्यांना ओझ्याने गाठले. वर्षभराचा शिधा, तंबू, करवती, खिळे, फावडी असे सगळे मिळून माणशी टनभर सामान होई. पुढे तर पुरेसा शिधा बरोबर नसेल त्याला कॅनडाचे पोलीस सरहद्दीवरून आत सोडत नसत. चिलकूट खिंडीची वाट तेहतीस मैलांची. एका खेपेला पन्नास-साठ पौंड पाठीवर घेतले, तर तोच चढ तीस-चाळीस वेळा चढायचा. शेजारच्या व्हाइट पासवर लोकांनी घोडे घातले. चिखल, दगड आणि उपासमार यांनी तिथे सुमारे तीन हजार जनावरे मेली. त्या जागेचे नावच ‘मेल्या घोड्यांची घळ’ असे पडले.

घोडा तिथे टिकेना, कारण त्याला वैरण लागते आणि भुसभुशीत बर्फात त्याचा पाय रुततो. कुत्रा वाळवलेल्या सामन माशावर राबतो आणि गोठलेल्या नदीवरून घसरगाडी ओढत दिवसभर पळतो. त्यामुळे धिप्पाड, दाट केसांच्या कुत्र्याला शेकड्यांनी डॉलर मिळू लागले. ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ या कादंबरीची पहिली घटना इथूनच निघते. कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशाच्या बंगल्यातून बक हा कुत्रा चोरीला जातो, कारण उत्तरेत ओझी ओढणारा कोणी तरी हवा आहे. सोन्याच्या धावपळीवरची सर्वांत गाजलेली ही कादंबरी मुळात वाहतुकीच्या अडचणीतून जन्मली.

तिच्या लेखकाने ते ओझे स्वतः वाहिले होते. जॅक लंडन २५ जुलै १८९७ रोजी सान फ्रान्सिस्कोहून निघाला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. बरोबर सावत्र बहिणीचा नवरा होता. तो साठीच्या घरातला. मेहुण्यांच्या सामानाचा पैसा बहिणीने घर गहाण टाकून उभा केला होता. डाइयाच्या किनाऱ्यावर उतरल्यावर थोड्याच दिवसांत म्हाताऱ्याने हात टेकले आणि तो परत फिरला. जॅकने वाटेत जुळलेल्या साथीदारांबरोबर खिंड ओलांडली. लिंडेमन सरोवराकाठी झाडे पाडून, फळ्या चिरून त्यांनी होडी बांधली, व्हाइट हॉर्सचा खळाळ पार केला आणि ऑक्टोबरात ते स्ट्यूअर्ट नदीच्या मुखाशी पोचले. तिथून जवळच हेंडरसन क्रीकवर त्याने खाणकामासाठी जमिनीचा एक दावा घेतला. दावा नोंदवायला तो डॉसनला गेला आणि काही आठवडे तिथेच राहिला.

या मुक्कामात त्याला बक भेटला. मार्शल आणि लुई बाँड या भावांच्या झोपडीशेजारी त्याचा तंबू होता. त्यांच्याकडे सेंट बर्नार्ड आणि स्कॉच कॉली यांचा संकर असलेला एक कुत्रा होता, आणि गंमत म्हणजे त्याचेही नाव जॅकच. या कुत्र्यावरूनच बक घडवला, असे लंडनने पुढे मार्शलला पत्रातून कळवले. बाँडबंधूंचे वडील न्यायाधीश होते आणि सांता क्लारा खोऱ्यात त्यांची बागायत होती. लंडनने ती पाहिली होती. बकचे माहेर त्याने तिथूनच उचलले.

हिवाळा लाकडी खोपटात गेला, शेकोटीभोवती इतरांच्या हकिकती ऐकण्यात. सोने हाती लागलेच नाही म्हणायला हरकत नाही. वसंतापर्यंत ताज्या अन्नावाचून त्याला स्कर्व्ही जडला, हिरड्या सुजल्या, दात हलू लागले. जून १८९८ मध्ये उघड्या होडीतून युकॉन नदीने समुद्राकडे निघून तो घरी आला.

कादंबरी लगेच आली नाही. मधे उत्तरेच्या कथांनी त्याला नाव मिळवून दिले. १९०२ मध्ये त्याने एका क्रूर कुत्र्याची कथा छापली. त्यात मालक आणि कुत्रा एकमेकांचा द्वेष करत शेवटी दोघेही मरतात. त्या कथेने कुत्र्याच्या जातीवर अन्याय झाला असे त्याला वाटले असावे. त्याची भरपाई म्हणून तो त्याच वर्षी डिसेंबरात चार हजार शब्दांची जोडकथा लिहायला बसला. ती आवरेना. जानेवारी संपता संपता सुमारे बत्तीस हजार शब्द झाले होते.

बकच्या कुळात आणखी एक पूर्वज आहे. मॅनिटोबात मिशनरी म्हणून राहिलेल्या एगर्टन यंग यांचे गाडीच्या कुत्र्यांवरचे पुस्तक १९०२ मध्येच निघाले होते. लंडनने त्यातून माहिती घेतली. पुढे वाङ्मयचौर्याचा आरोप झाला तेव्हा त्याने ते पुस्तक वापरल्याचे उघड मान्य केले. मला यात लपवण्यासारखे काही दिसत नाही. एका हिवाळ्याच्या अनुभवावर कुत्र्यांच्या तांड्याचे इतके बारकावे कोणाला जमणार?

आणि बारकावे पाहावेत ते बक पैजेखातर हजार पौंडांची गाडी ओढतो त्या प्रसंगात. पिठाची वीस पोती लादलेली गाडी तास-दोन तास कडाक्याच्या थंडीत उभी आहे आणि तिच्या पट्ट्या तुडवलेल्या बर्फाला चिकटून गोठल्या आहेत. पैजेवाल्यांत आधी वाद होतो तो यावरच: पट्ट्या माणसांनी मोकळ्या करून द्यायच्या की कुत्र्यानेच उखडायच्या? बक सरळ ओढत नाही. तो आधी उजवीकडे झटका देतो, मग डावीकडे. रुतलेली गाडी काढताना जाणता बैल असाच करतो. कट्कन आवाज होऊन पट्ट्या सुटतात आणि मगच सरळ ताण बसतो. हे लिहिणाऱ्याने भार हलताना जवळून पाहिलेला आहे. त्याच सुमारास ज्यूल व्हर्ननेही क्लोंडाइकवर कादंबरी लिहिली होती, पण तो तिकडे कधी गेला नाही. त्याच्या मृत्यूनंतर १९०६ मध्ये मुलाने फेरफार करून ती छापली. तिच्यात भूगोल भरपूर आहे, पण खांद्यावर पट्टा रुतल्याचा वळ मला तिच्यात दिसत नाही.

लंडनची कादंबरी १९०३ च्या उन्हाळ्यात ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’मध्ये क्रमशः आली. पुस्तकाचे हक्क मॅकमिलनने दोन हजार डॉलर देऊन एकरकमी विकत घेतले. पुस्तक तुफान खपले, पण स्वामित्वधन म्हणून लंडनला त्यातून काही मिळायचे नव्हते.

कादंबरीबद्दलची माझी खरी तक्रार वेगळी आहे, ती ओझी वाहणाऱ्या माणसांबद्दलची. चिलकूट ही मुळात क्लिंगिट लोकांची व्यापाराची वाट. गोऱ्यांची ओझी त्यांनीही पौंडावर दर ठरवून वाहिली. ज्याच्या नावावर सोन्याचा शोध नोंदला गेला त्या जॉर्ज कारमॅकबरोबर त्या वेळी होते ते टॅगिश जमातीचा किश, म्हणजे ‘स्कूकम जिम’, आणि त्याचा भाचा. क्लोंडाइकच्या मुखाशी त्रोंडेक ह्वेचिन लोकांची सामन माशांची जुनी जागा होती. डॉसन शहर उठताच चीफ आयझॅक यांना आपली माणसे घेऊन नदीच्या खालच्या अंगाला मूसहाइडला सरकावे लागले. आपली गाणी आणि नाच बुडतील या भीतीने त्यांनी ते जतनासाठी अलास्कातल्या सोयऱ्यांकडे सोपवले. या कोणालाही कादंबरीत जागा नाही. उलट शेवटी ‘यीहॅट’ नावाची एक काल्पनिक जमात येते, बकच्या मालकाला मारते आणि बक तिच्यावर तुटून पडतो. ओझे वाहणाऱ्यांपैकी लंडनने पुरता न्याय दिला तो कुत्र्याला. माणसांच्या बाबतीत त्याची नजर त्याच्या काळाइतकीच तोकडी राहिली. हे मला क्षम्य वाटत नाही, आणि तरी बकची ती गाडी मी दर वेळी श्वास रोखूनच वाचतो.

त्रोंडेक ह्वेचिन लोकांची गाणी पुढे अलास्कातून परत आली. २०२३ मध्ये युनेस्कोने ‘त्रोंडेक-क्लोंडाइक’ला जागतिक वारसा ठरवले, तेव्हा यादीत डॉसनबरोबर ती माशांची जागा आणि मूसहाइडही होते.