त्या रात्रीच्या साक्षी

सरकारी नोकरीच्या निमित्ताने मराठी माणूस परमुलखात जाऊन पडला की पहिल्या आठ दिवसांतच त्या मुलखाविषयी त्याचे मत पक्के होऊन जाते. मीही त्याला अपवाद नव्हतो. चेन्नईस बदली होऊन आलो तेव्हा आईला लिहिलेल्या पहिल्याच पत्रात मी निकाल देऊन टाकला होता : "येथे उकाडा, भात आणि न कळणारी भाषा याखेरीज काही नाही, माणसेही फारशी बोलत नाहीत." हे शेवटचे वाक्य लिहिताना मला स्वतःला तमिळचे दोन शब्दही येत नव्हते, ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. एकाच साक्षीदाराच्या जबानीवर एका अख्ख्या शहराला मी दोषी ठरवले होते, आणि तो साक्षीदारही मीच होतो! या चुकीची जाणीव मला करून दिली ती कोणा तमिळ पंडिताने नव्हे, तर एका जपानी चित्रपटाने. तो चित्रपट या शहरात आला कसा आणि येथे त्याचे काय झाले, याची हकीकत आपल्यासारख्या बदलीवाल्यांना उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

तिरुवल्लिकेणी म्हणजे पवित्र कुमुदांचे तळे. इंग्रजांच्या जिभेला ते पेलले नाही म्हणून त्याचे 'ट्रिप्लिकेन' झाले. पार्थसारथीचे पुरातन मंदिर, कवी सुब्रह्मण्य भारतींचे अखेरचे वास्तव्य आणि एकट्या नोकरदारांची 'मॅन्शन' नावाची वसतिस्थाने यांसाठी हा भाग प्रसिद्ध आहे. मीही पहिले वर्ष अशाच एका मॅन्शनमध्ये काढले. पुढे कुटुंब आल्यावर जवळच्याच एका गल्लीत वरच्या मजल्यावर बिऱ्हाड केले. खाली घरमालक राहतात. त्यांना आम्ही मामा म्हणतो, त्यांच्या पत्नीला मामी आणि त्यांच्या नव्वदीच्या मातोश्रींना पाटी. तमिळमध्ये आजीला पाटी म्हणतात. आमची ही पाटी मात्र कोरी मुळीच नाही. तिच्यावर ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांचा मजकूर दाटीने लिहिलेला आहे.

मामांची नात महाविद्यालयात शिकते आणि सायंकाळी कोरियन मालिका पाहते. मूळ भाषेतच पाहते. खाली इंग्रजी अक्षरे धावत असतात. एके दिवशी पडद्यावरच्या मुलीने वडिलांना "अप्पा!" अशी हाक मारली आणि पाटी जपमाळ थांबवून म्हणाली, "ही आपल्यातलीच दिसते!" कोरियन भाषेत बापाला 'अप्पा' आणि आईला 'अम्मा'शी जुळणारा 'ओम्मा' हा शब्द आहे, हे खरे. होमर हल्बर्ट नावाच्या एका अमेरिकन पाद्र्याने विसाव्या शतकाच्या आरंभी कोरियन आणि द्राविडी भाषांचे नाते जोडू पाहणारे एक व्याकरणच लिहिले होते. आजचे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ ते नाते मानीत नाहीत. पाटीला त्याच्याशी कर्तव्य नव्हते. तिने नातीला एवढेच विचारले, "हे लोक जपानी तर नव्हेत ना? जपान्यांनी आमच्यावर बॉम्ब टाकला होता. मी तो आवाज ऐकला आहे."

पाटीचे हे बोलणे निराधार नव्हते. एप्रिल १९४२ मध्ये जपानी आरमार बंगालच्या उपसागरात शिरले. ५ तारखेस कोलंबोवर आणि ६ तारखेस विशाखापट्टण व काकिनाडा येथे बॉम्ब पडले. मद्रासवर आता स्वारी होणार या भीतीने सरकारने, ज्यांचे शहरात अत्यावश्यक काम नाही अशांनी बाहेर पडावे, असे सुचवले. अनेक कचेऱ्या आतल्या गावी हलल्या आणि आगगाड्या माणसांनी ओसंडून वाहू लागल्या. स्वारी आली नाही. लोक हळूहळू परतले. पुढे दीड वर्षाने, ११ ऑक्टोबर १९४३ च्या रात्री, बॉम्ब पडले ते खरोखरच. हानी किरकोळ झाली. पण ती रात्र शहराच्या स्मरणात राहिली.

पाटीची ही साक्ष मी मोठ्या उत्साहाने टिपून घेतली. पण दुसऱ्याच रविवारी तिचे धाकटे बंधू तांबरमहून भेटीस आले. ते सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. ते हसून म्हणाले, "अक्का काहीतरी सांगते. आम्ही सारे बेचाळीसमध्येच कुंभकोणमला गेलो, ते चव्वेचाळीसमध्ये परत आलो. बॉम्ब पडला तेव्हा आम्ही येथे नव्हतोच." पाटीने भावाकडे असे पाहिले की, तेवढ्यावर मी विषय बदलला.

कारकुनाच्या बुद्धीला दोन परस्परविरोधी जबान्या एकाच फाइलीत राहिलेल्या खपत नाहीत. यातली खरी कोणती, याचा विचार करीत असताना कचेरीतल्या एका तमिळ स्नेह्याने 'अंद नाळ' या चित्रपटाचे नाव सुचवले. 'अंद नाळ' म्हणजे 'तो दिवस'. आणि तो दिवस म्हणजे हाच, १९४३ च्या त्या बॉम्बवर्षावाचा! स्नेही म्हणाला, "पण आधी 'राशोमोन' पाहा. मग हा पाहा." मी दोन्ही तशाच क्रमाने पाहिले.

अकिरा कुरोसावा यांचा 'राशोमोन' १९५० चा. र्‍यूनोसुके अकुतागावा यांच्या दोन कथांवर तो आधारलेला आहे. १९५१ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि जपानी चित्रपटाकडे जगाचे लक्ष वेधले गेले. त्यानंतर थोड्याच महिन्यांत, २४ जानेवारी १९५२ रोजी, भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट-महोत्सव मुंबईत सुरू झाला, आणि तेथून तो मद्रास, दिल्ली व कलकत्ता येथे नेण्यात आला. त्यात जपानलाही स्थान होते. येथे आपल्या व्यवसायाला साजेशी एक बारीक नोंद करावीशी वाटते : त्या जानेवारीत भारत आणि जपान यांच्यातील युद्ध कागदोपत्री अद्याप संपलेले नव्हते. दोन्ही देशांच्या शांततेच्या तहावर सह्या झाल्या त्या ९ जून १९५२ रोजी. म्हणजे तहाचा कागद येण्यापूर्वीच चित्रपटांची पेटी येऊन पोहोचली होती.

'राशोमोन'ची कथा थोडक्यात अशी. रानात एका सामुरायाचा मृत्यू झाला आहे. दरोडेखोर, सामुरायाची पत्नी, एका माध्यमाच्या तोंडून बोलणारा खुद्द मृतात्मा, आणि शेवटी एक लाकूडतोड्या असे चौघे चार प्रकारे ती घटना सांगतात. खरे काय, ते दिग्दर्शक सांगत नाही. पहिल्या वेळी मला याचा रागच आला. दीड तास बसवून ठेवून निकाल राखून ठेवायचा, हा काय न्याय? पण रात्री झोप येईना. ध्यानात आले ते असे की, यातला प्रत्येक जण दोष दुसऱ्यावर ढकलीत नाही. दरोडेखोर म्हणतो मी मारले. पत्नीच्या बोलण्यावरून वाटते, तिच्याच हातून घडले. आणि मृतात्मा म्हणतो, मीच माझा प्राण घेतला. प्रत्येकाला मृत्यूची जबाबदारी हवी आहे, कारण त्या कथेत तोच मानाने उभा राहतो. माणूस खोटे बोलतो ते शिक्षा चुकविण्यासाठीच असे नव्हे. आपली मूर्ती आपल्याच नजरेत भंगू नये म्हणूनही बोलतो.

हा चित्रपट एका महोत्सवात पाहून सुंदरम् बालचंदर हा मद्रासचा तरुण भारावून गेला. हे तेच बालचंदर, जे पुढे वीणावादक म्हणून देशभर कीर्ती पावले. मराठी वाचकांना त्यांची आणखी एक ओळख सांगितली पाहिजे. १९३४ मध्ये आपल्या 'प्रभात'ने 'सीता कल्याणम्' हा तमिळ बोलपट काढला. दिग्दर्शक होते बाबूराव पेंढारकर. त्यात बालचंदरांचे थोरले बंधू राजम् राम झाले होते आणि सात वर्षांचा बालचंदर रावणाच्या दरबारात खंजिरी वाजवीत बसला होता. कॅमेऱ्यापुढचे त्याचे पहिले पाऊल मराठी मंडळींच्या देखरेखीखाली पडले.

त्याच बालचंदरांनी 'राशोमोन'च्या धर्तीवर आधी एक नाटिका लिहिली, आणि मग एव्हीएम संस्थेच्या वतीने १९५४ मध्ये 'अंद नाळ' दिग्दर्शित केला. बॉम्बवर्षावाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राजन नावाचा रेडिओ-अभियंता आपल्या घरात गोळी लागून मरून पडलेला आढळतो. शेजारी, भाऊ, भावजय, प्रेयसी आणि पत्नी या साऱ्यांच्या जबान्या होतात. हळूहळू उलगडते ते असे की, हा राजन जपानला गुपिते विकणारा देशद्रोही होता. ही भूमिका केली शिवाजी गणेशन यांनी. आदल्या दोन वर्षांतच नायक म्हणून त्यांचा डंका वाजू लागला होता. पत्नी झाल्या आहेत पंडरीबाई. आपल्या कानाला त्यांच्या नावात वारीचा टाळ ऐकू येतो, त्या कर्नाटकातल्या. चित्रपटात एकही गाणे नाही. तमिळमध्ये हा पहिलाच असा प्रयोग, आणि तो केला एका संगीतज्ञाने! प्रथम तो फारसा चालला नाही. पण राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला प्रशस्तिपत्र मिळाले आणि आज तो तमिळ चित्रसृष्टीच्या मानाच्या कृतींत गणला जातो.

मला यात जी गोष्ट थोर वाटते ती अशी. ज्या देशाचे बॉम्ब आपल्या शहरावर पडले, त्याच देशाच्या कलावंताकडून अकराव्या वर्षी एक मद्रासी तरुण कथा सांगण्याची रीत घेतो, आणि त्या रीतीने सांगतो काय, तर त्याच बॉम्बच्या रात्रीची कथा! कथेत जपान शत्रूच आहे. त्यात त्याने कसूर केलेली नाही. परंतु शत्रूकडूनही काही शिकता येते, हे त्याने न बोलता करून दाखवले.

दोन्ही चित्रपटांत एक फरकही आहे आणि तो आपल्याला विशेष ओळखीचा वाटेल. मद्रासच्या कथेत जबानी देणारे एकमेकांकडे बोट दाखवतात : मी नव्हे, त्याला विचारा. शेवटी पोलिस अधिकारी निकाल लावतो. जपानी कथेत खुनाचे श्रेय घेण्याची अहमहमिका, आणि आपल्याकडे प्रकरण दुसऱ्या शाखेकडे वर्ग करण्याची! टेबलामागे दहा वर्षे काढलेल्या माणसाला हे पाहून हसू आल्याशिवाय राहत नाही.

हसू आले खरे. पण कुरोसावा यांच्या १९५२ च्या 'इकिरू'ने ते पुसून टाकले. 'इकिरू' म्हणजे 'जगणे'. 'राशोमोन'मधला लाकूडतोड्या झालेले ताकाशी शिमुरा येथे नगरपालिकेतले वातानाबे नावाचे शाखाप्रमुख झाले आहेत. तीस वर्षे त्यांनी कागदांवर शिक्के मारले. काही गरीब बायका साचलेल्या घाण पाण्याची तक्रार घेऊन येतात. त्यांना या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरवून पुन्हा पहिल्याच खिडकीशी आणून सोडतात. वातानाबेंना कर्करोग होतो आणि उरलेल्या महिन्यांत ते त्या जागी मुलांसाठी बाग करवून घेतात. पुढचा भाग त्यांच्या मृत्यूनंतरचा आहे. शोकसभेला जमलेले सहकारी त्यांच्याविषयी एकेक आठवण सांगतात, आणि त्या तुकड्यांतून माणूस उभा राहतो. ही पुन्हा साक्षच. पण येथे साक्षी जुळत जातात. सारे जण डोळे पुसून शपथ घेतात, उद्यापासून आपणही असेच काम करू. दुसऱ्या दिवशी कचेरीत सारे पूर्ववत.

हा चित्रपट पाहिला त्याच्या दुसऱ्या दिवशी, एका निवृत्त कर्मचाऱ्याच्या विधवेचा अर्ज मी शिपायाच्या हाती न देता स्वतः तीन जिने चढून संबंधितांकडे नेऊन दिला, आणि सही होईपर्यंत तेथेच उभा राहिलो. त्या आठवड्यात असे चार कागद नेले. पुढच्या आठवड्यात एकच. त्यापुढचे सांगत नाही.

आज पूर्वेकडून येणाऱ्या चित्रांचा ओघ पुष्कळ वाढला आहे. १९९६ मध्ये ह्युंदाई कंपनीने श्रीपेरुंबुदूर येथे पाय रोवले तेव्हापासून या शहरात कोरियन कुटुंबे राहू लागली. २००६ मध्ये भारत-कोरिया सांस्कृतिक केंद्र 'इन्को' येथे स्थापन झाले. २०२० मध्ये 'पॅरासाइट' या कोरियन चित्रपटास ऑस्करचा सर्वोच्च मान मिळाला तेव्हा, त्याची कल्पना १९९९ च्या 'मिन्सार कण्णा' या आपल्या चित्रपटावरून उचलली आहे, असे सांगत येथील एका निर्मात्याने कायदेशीर कारवाईची भाषा केली. त्या दाव्यात किती अर्थ होता, ते बाजूला ठेवू. मला मौज वाटली ती काळाच्या फेऱ्याची : एकेकाळी येथील तरुण पूर्वेकडून घेत होता, आणि आता पूर्वेने आमचे घेतले म्हणून येथे भांडण उभे राहिले!

असो. गेल्या दिवाळीत आम्ही सर्वांनी खाली मामांकडे बसून 'अंद नाळ' पाहिला. नातीने आपली मालिका त्या दिवसापुरती बंद ठेवली. पाटी सारा वेळ टक लावून पाहत होती. चित्रपट संपल्यावर मी भीतभीतच विचारले, "पाटी, त्या रात्री तुम्ही नक्की कोठे होता?" ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तंबीचे बरोबर असेल. कुंभकोणमलाच असू. अप्पा मात्र येथे होते. त्यांची सरकारी नोकरी. त्यांना शहर सोडता येत नव्हते. त्यांचे पत्र आले. अम्माने ते मोठ्याने वाचले आणि वाचता वाचता रडू लागली. कण्णा, मी तो आवाज ऐकला आहे."

बंधूंची साक्ष खरी होती आणि पाटीचीही खोटी नव्हती. आठ वर्षांच्या मुलीने बॉम्ब ऐकला तो बापाच्या पत्रातून. आणि तो कुणा प्रत्यक्षदर्शीपेक्षा कमी ऐकला असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

वर आल्यावर मला माझे ते पहिले पत्र आठवले. आई गावी अजूनही शेजारणींना सांगते, "चेन्नईची माणसे फारशी बोलत नाहीत हो." ही साक्ष माझी, आणि ती तिने जशीच्या तशी जपून ठेवली आहे. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी मी कागद घेऊन बसलो आणि पहिल्याच ओळीत पाटीचे नाव लिहिले.