एसी थंडावा देईना? आधी पंखा तपासा

नागपूर : २३ मे २०१३ रोजी नागपूरचा पारा ४७.९ अंश सेल्सिअसपर्यंत चढला होता. दरवर्षी तेवढा कहर होत नसला, तरी मे महिन्यातील ४५ अंशांची दुपार या शहराला नवी नाही. अशा दुपारी दहा-पंधरा वर्षे जुनी गाडी घेऊन निघालेल्या अनेकांना एक अनुभव हमखास येतो. वर्धा मार्गावर गाडी धावत असते तोवर एसीतून गार हवा येत राहते. व्हरायटी चौकातील सिग्नलवर गाडी थांबली की मिनिटाभरात झोत कोमट होतो आणि सिग्नल सुटून गाडीने वेग घेतला की पुन्हा गारवा सुरू. गाडीमालक गॅरेज गाठतो, ‘गॅस कमी झाला असेल’ असे निदान होते, गॅस भरला जातो आणि आठवडाभरात तक्रार जशीच्या तशी उभी राहते.

वस्तुतः हे लक्षण गॅसपेक्षा पंख्याकडे बोट दाखवणारे आहे.

गाडीच्या आतील उष्णता शोषून घेतलेला वायू कंप्रेसर दाबून कंडेन्सरमध्ये पाठवतो. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या या जाळीत तो आपली उष्णता बाहेरच्या हवेला देऊन द्रवरूप होतो. बाहेरच ४५ अंश असतील, तर हे काम साधारण ६० ते ६५ अंशांवर चालते आणि आर-१३४ए या प्रचलित वायूचा दाब त्या वेळी २३० ते २६० पीएसआय असतो. धावत्या गाडीत समोरून येणारा वारा जाळी थंड ठेवतो. थांबलेल्या गाडीत ती जबाबदारी एकट्या पंख्याची. तो फिरला नाही किंवा मंद फिरला, की दाब तीनशेच्या पुढे चढू लागतो, गारवा ओसरतो आणि शेवटी दाबाची कळ कंप्रेसरच बंद करते.

तपासणी घरच्या घरी करता येते. गाडी सावलीत उभी करून इंजिन सुरू ठेवावे, एसी लावावा आणि बॉनेट उघडून पाहावे. बहुतेक गाड्यांत एसी लावताच, काहींत थोड्या वेळाने, पंखा फिरू लागतो. काही गाड्यांत एक, तर काहींत दोन पंखे असतात. दोन असल्यास दोन्हींकडे लक्ष द्यावे. इंजिन बंद असतानाही पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून पात्यांजवळ हात, ओढणी वा दुपट्टा नेऊ नये. पंखा हललाच नाही तर प्रथम फ्यूज, मग रिले पाहावा. शेजारी त्याच क्षमतेचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून पाहणे हा सर्वात स्वस्त उपाय. त्यानेही काम झाले नाही, तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडून मोटारीला बॅटरीचा थेट प्रवाह देऊन घ्यावा. तेव्हा पंखा फिरला तर दोष वायरिंग वा तापमानाच्या स्विचमध्ये आहे, न फिरला तर मोटारीत. बाहेरून हलकेच ठोकल्यावर सुरू होणाऱ्या मोटारीचे कार्बन झिजलेले असतात. ती कधीही दगा देईल. मोटार बदलल्यावर तारा उलट जोडल्या गेल्याने पंखा उलटा फिरतो, असेही घडते.

पंखा नीट फिरत असेल, तर सिग्नलसारखी स्थिती निर्माण करून कंडेन्सरवर पाण्याचा हलका फवारा मारावा. झोत लगेच गार झाला, तर उष्णता बाहेर जात नाही हे उघड होते. वैदर्भीय धूळ, कीटक आणि वाळका पाचोळा कंडेन्सर व रेडिएटरमधील फटीत साचतो. तो मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवावा. सर्व्हिस सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने जाळीच्या पातळ पट्ट्या वाकतात.

या दोषाची खरी किंमत इंजिन मोजते. बहुसंख्य गाड्यांत तोच पंखा रेडिएटरही थंड करतो. तापमानाचा काटा लाल रेषेकडे निघाला, की एसी तत्काळ बंद करून गाडी बाजूला घ्यावी. ‘घर जवळच आहे’ म्हणून रेटलेले दोन किलोमीटर हेड गॅस्केट जाळू शकतात. गरम रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये, आतील पाणी दाबाखाली शंभर अंशांहून अधिक तापलेले असते. कूलंटऐवजी बोअरचे पाणी भरण्याची सवयही महागात पडते, कारण त्यातील क्षार नळ्यांत बसतात. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो रोगावरचा उपाय नव्हे. पंख्याला डॅशबोर्डवर वेगळा स्विच देण्याची युक्ती अडचणीच्या वेळी चालते, पण मधे रिले आणि फ्यूज नसेल तर तारा तापतात.

थांबून असो वा धावत, हवा सतत कोमटच येत असेल तेव्हाच गॅसचा विचार करावा. हा वायू इंधनासारखा खर्च होत नाही. कमी झाला म्हणजे गळती आहे. सांध्यांवरील तेलकट धूळ तिचा माग देते. गळती काढून, सुमारे अर्धा तास निर्वात करून, बॉनेटखालच्या पट्टीवर लिहिलेल्या वजनाइतकाच गॅस भरला जावा. बंद गाडीतील दाब पाहून ‘गॅस आहे’ म्हणणे फसवे, कारण थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत तो दाब फारसा बदलत नाही. जास्त भरलेला गॅस थंडावा वाढवत नाही, उलट कंप्रेसरवर ताण आणतो. नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धातील गाड्यांत आर-१२ हा सीएफसी वायू असे. मॉन्ट्रिअल करारान्वये भारताने १ जानेवारी २०१० पासून सीएफसी थांबवले. अशा गाडीत नुसता नवा वायू घालून भागत नाही, तेल, ड्रायर आणि रबरी कड्याही बदलाव्या लागतात.

समृद्धी महामार्गावर निघणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे. तेथील वेगात बंद पंखाही लपून राहतो. तो उघडकीस येतो उतरण्याच्या टोल नाक्यावरील रांगेत, म्हणून पंख्याची चाचणी निघण्याच्या आदल्या संध्याकाळीच उरकावी.