कोऱ्या पानाचा पूर्वेतिहास

टेबलाभोवती बसून, एकेकाने एकेक पात्र होऊन खेळायच्या कथाखेळांत १९७४चा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आद्य मानला जातो. त्याच्या पहिल्या पुस्तिका साध्याच होत्या. आज अशा खेळांचा मजकूर लिहिण्यासाठी 'होमब्रूअरी' हे संगणकीय साधन उघडले, की आपण काहीही न निवडता पिवळसर, जुनाट कागद आणि दोन रकाने समोर येतात. २०१४च्या पाचव्या आवृत्तीच्या ग्रंथांचे ते अनुकरण आहे.

न निवडता मिळणाऱ्या रूपाची ही सत्ता आपल्या ग्रंथपरंपरेला नवी नाही. कामरगाव ज्या तालुक्यात आहे, त्या कारंज्याच्या जैन भांडारांतील पोथ्यांमुळे पुष्पदंताची अपभ्रंश काव्ये पुन्हा प्रकाशात आली. 'जसहरचरिउ' १९३१मध्ये, 'णायकुमारचरिउ' १९३३मध्ये छापले गेले. पोथीचे पान आडवे, कारण ताडपत्र लांबट. पश्चिम भारतातील जैन पोथ्या पुढे कागदावर आल्या, दोरा ओवण्याचे छिद्र अनावश्यक झाले. तरी लेखनिक पानाच्या मध्यभागी त्याची जागा मोकळी सोडत राहिले. पुढे तेथे रंगीत ठिपका आला. गरजेची सवय झाली आणि सवयीची शोभा. छापखान्यांनीही पोथ्या सुट्या, आडव्या पानांतच छापल्या.

म्हणूनच आरंभीचे रूप ठरवणे हे केवळ सजावटीचे काम आम्हांस वाटत नाही. उद्या आमच्या एखाद्या विद्यार्थ्याने वऱ्हाडी कथाखेळ लिहायला घेतला, तर युरोपीय मध्ययुगाचा कागद त्याला आपोआप मिळेल. कारंज्याची पोथी मात्र मागून घ्यावी लागेल. ती मागता यावी, तर आधी ती पाहिलेली असली पाहिजे.