वाटेचं नाव डोंगराला

एचएसआर लेआउट म्हणजे होसूर–सरजापूर रोड लेआउट. होसूर तामिळनाडूत, सरजापूर आनेकल तालुक्यात. या दोन गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या बेचक्यात बेंगळुरू विकास प्राधिकरणाने वस्ती आखली आणि तिला रस्त्यांचीच आद्याक्षरं दिली. जागेची स्वतःची नावं आधीपासून होती : अगरा, हरळुकुंटे, परंगीपाळ्य, सोमसुंदरपाळ्य. अगऱ्याला तर नवव्या शतकातल्या, गंगांच्या काळातल्या शिलालेखाचा आधार आहे. तिथल्या तळ्यांची कामं केल्याची नोंद त्यात आहे. तरी रिक्षावाल्याला आज सांगायचं ते 'एचएसआर, सेक्टर टू'. जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या तोंडचं नाव जागेवर बसलं आणि जागेचं नाव तळ्यापुरतं उरलं.

शुक्रवारी रात्री सिल्क बोर्डच्या चौकापाशी पाठीवर सॅक घेतलेली मुलं बसची वाट पाहत उभी असतात. कुणी कुद्रेमुखला निघालेलं, कुणी कुमार पर्वताला, कुणी नुसतंच चिक्कमगळूरला. तेलुगू, बंगाली, मराठी, मल्याळी, सगळ्यांच्या बोलण्यात एकच शब्द ऐकू येतो : 'वेस्टर्न घाट्स'. तो ऐकला की मी दर वेळी अडखळतो. मराठीत घाट म्हणजे वाट. घाट चढायचा असतो, उतरायचा असतो, घाटात बस लागते, पावसाळ्यात घाट बंद पडतो. डोंगराला आपण सह्याद्री म्हणतो. मग सोळाशे किलोमीटर लांबीच्या, जगाने वारसा म्हणून जपायला घेतलेल्या पर्वताला त्याच्या अंगावरच्या पायवाटांचं नाव कसं चिकटलं?

आधी शब्दाकडे जाऊ. संस्कृतात 'घट्ट' म्हणजे नदीवरची उतरण्याची जागा, पायऱ्या. काशीचे घाट, वाईचे घाट, पंढरपूरचा घाट त्याच घरचे. पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवरून डोंगर उतरणाऱ्या पायऱ्यांकडे यायला शब्दाला फार चालावं लागलं नाही. पण 'घट्ट' शब्दात आणखी एक खूण आहे आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. संस्कृत शास्त्रकार 'घट्टकुटीप्रभातन्याय' सांगतात. जकात चुकवण्यासाठी एक व्यापारी रात्रभर आडवाटांनी भटकतो. पहाट होते तेव्हा तो नेमका जकातनाक्याच्या झोपडीपुढेच उभा असतो. ती झोपडी म्हणजे घट्टकुटी. याचा अर्थ, 'घट्ट' शब्दात उतरणीइतकीच वसुलीही मुरलेली होती. जिथून माल गेल्याशिवाय राहत नाही आणि हात पसरून बसलेल्या माणसाला चुकवता येत नाही, तो घाट.

हे प्रत्यक्ष पाहायचं तर नाणेघाटात जावं. जुन्नरच्या पठारावरून कोकणात उतरणारी ही वाट सातवाहनांनी खोदली, बांधली, राखली. माथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या आसपासचा. त्यात यज्ञांची यादी आणि दक्षिणेचे आकडे आहेत : गायी, घोडे, हजारोंनी कार्षापणं. भारतीय अंकचिन्हांचा इतका जुना पुरावा फार थोड्या ठिकाणी सापडतो. तो एका घाटाच्या तोंडाशी सापडावा, हे मला अगदी जागच्या जागी वाटतं. लेण्याजवळ दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत, असं परंपरा सांगते. खालून मीठ, सुकी मासळी, नारळ वर यायचे. वरून धान्य आणि कापूस खाली जायचा. आणि मधे हा रांजण.

घाटांच्या वाटा सगळ्या सारख्या नसत. लादलेला बैल चढून जाईल तो घाट. माणसालाच हात टेकत चढावं लागेल ती नाळ. त्याहून अवघड, शिडी लावावी लागेल ती निसणीची वाट. डोंगराखालच्या माणसाला ही तिन्ही नावं वेगवेगळी लागत, कारण त्याचं पोट त्या फरकावर होतं. डोंगराकडे तो 'कुठून चढता येतो' याच नजरेने बघत असे. म्हणून माणसांचीही वाटणी घाटाने झाली. कोकणातल्या माझ्या आजीच्या बोलण्यात 'घाटावरचे' हा वेगळाच मुलूख होता; त्यांची भाकरी वेगळी, त्यांचं जेवण वेगळं. मुंबईत त्याचाच 'घाटी' झाला आणि हिणवायला वापरला गेला. मला वाटायचं ही आपल्याकडचीच गोष्ट. मग इथे आमच्या मजल्यावर दक्षिण कन्नडच्या शेजारीण राहायला आल्या. त्या बेंगळुरूबद्दल बोलताना म्हणतात, 'घट्टद मेले', घाटाच्या वर. माहेरी निघाल्या की 'घट्टद केळगे', घाटाच्या खाली. शब्द तोच, पायऱ्याही त्याच; फक्त आमच्या आजीची वाट कुंभार्लीची आणि यांची शिराडीची.

म्हणजे घाट हा शब्द पायाखालून, समुद्राच्या बाजूने वर आला. परक्यांनीही तो तिथेच ऐकला, कारण ते गलबतांतून आले. पोर्तुगीज बखरकार जुआओ दे बारोस स्वतः हिंदुस्थानात कधीच आला नाही. लिस्बनमध्ये बसून, आलेल्या-गेलेल्यांच्या कागदांवरून लिहीत असे. सोळाव्या शतकाच्या मध्यावर त्याने लिहून ठेवलं, की या पर्वतरांगेला स्वतःचं असं नाव नाही, म्हणून इथले लोक तिला 'गाटे' म्हणतात. किनाऱ्यावर कुणी बोट दाखवून 'तो काय?' असं विचारलं असेल, आणि समोरच्याने विचारणाऱ्याच्या सोयीचं उत्तर दिलं असेल : घाट, तिकडून वर जातात. इंग्रजांनी तोच शब्द उचलला, अनेकवचनी केला, नकाशावर पसरला. पुढे पूर्व किनाऱ्याच्या तुटक डोंगरांनाही तोच लावला, आणि मग दोन्हींत फरक करायला एकाला पश्चिम आणि दुसऱ्याला पूर्व म्हणावं लागलं.

'पश्चिम' या विशेषणापाशी मी नेहमी थांबतो. रत्नागिरीच्या माणसाचा सूर्य या डोंगरामागून उगवतो. त्याच्यासाठी तो पूर्वेला आहे, कायमचा. तो पश्चिमेला आहे फक्त पठारावरून पाहणाऱ्याला किंवा अख्ख्या देशाचा नकाशा भिंतीवर टांगणाऱ्याला. आणि आज आपण शाळेच्या पुस्तकात 'पश्चिम घाट' वाचतो ते 'वेस्टर्न घाट्स'चं भाषांतर. आपलाच शब्द लिस्बन-लंडनला जाऊन आला आणि अर्थ बदलून घरी परतला.

स्वतःचं नाव नाही, हे बारोसला कळलेलं मात्र साफ चूक. नाशिकच्या पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा दुसऱ्या शतकातला लेख आहे. आपला मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी कोणकोणत्या पर्वतांचा स्वामी होता हे ती सांगते, आणि त्या यादीत सह्य आहे. पुराणांनी भारताचे सात कुलपर्वत मोजले : महेंद्र, मलय, सह्य, शुक्तिमान, ऋक्ष, विंध्य, पारियात्र. कालिदासाचा रघू दिग्विजयात सह्यापर्यंत येतो. नाव होतं, राजांना आणि कवींना ठाऊकही होतं. पण रोज चढणाऱ्या-उतरणाऱ्याला पर्वताच्या नावाची गरज पडत नव्हती. त्याला आजची वाट हवी होती.

'घाट' या शब्दाला अनपेक्षित साक्ष भूविज्ञानाने दिली. महाराष्ट्रातला सह्याद्री सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा आहे. थरावर थर, कडा, मग सपाटी, पुन्हा कडा. या खडकांना डेक्कन ट्रॅप म्हणतात, आणि 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिशमधल्या पायऱ्यांसाठीच्या 'त्राप्पा'वरून आला. उत्तर युरोपातल्या अभ्यासकांनी असे डोंगर पाहिले आणि त्यांना जिना आठवला. कोकणातल्या माणसाला घाट आठवला होता. एकमेकांना न भेटलेल्या दोन भाषांनी एकाच जातीच्या दगडाला एकच नाव दिलं. शिवाय पठारावरून पश्चिमेकडे गेलं तर सह्याद्री उभा दिसतच नाही. जमीन चालत येते आणि एकाएकी संपते. तो दख्खनच्या पठाराचा तुटलेला काठ आहे. गोव्याच्या दक्षिणेला खडक बदलतो, अडीच-तीन अब्ज वर्षांचा होतो, बेंगळुरूच्या लालबागेतल्या टेकाडाच्या जातीचा. एचएसआरमध्ये इमारतीचा पाया खणताना सुरुंगवाल्यांना थकवतो त्याच कुळातला. काठ मात्र तसाच पुढे कन्याकुमारीच्या दिशेने जातो, मधे पालक्काडपाशी तीसेक किलोमीटरची एक खिंड सोडून.

वाटेचं नाव मिळालेल्या डोंगराकडे सरकारांनी पुढे वाट म्हणूनच पाहिलं. बोरघाटातून १८३० मध्ये गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये रेल्वे चढली; बोगद्यांच्या त्या कामात हजारो मजूर मेले. खंडाळ्याच्या वळणावर शिंगरोबाचं देऊळ आहे. शिंगरोबा नावाच्या धनगराने साहेबाला वर जायची वाट दाखवली आणि त्याबद्दल त्याला मरण मिळालं, असं लोक सांगतात. ट्रकवाले आजही तिथे नाणं टाकतात. नाणेघाटातला रांजण मला तिथे पुन्हा दिसतो. फरक एवढाच की हे नाणं राजाला जात नाही, वाट जाणणाऱ्याला जातं.

डोंगराला डोंगर म्हणून कागदावर जागा मिळायला २०१२ उजाडलं. सेंट पीटर्सबर्गच्या बैठकीत युनेस्कोने 'वेस्टर्न घाट्स' या नावाने ३९ ठिकाणं जागतिक वारसा यादीत घातली : केरळात २०, कर्नाटकात १०, तामिळनाडूत ५, महाराष्ट्रात ४. त्यांचे सात गट केले : अगस्त्यमलै, पेरियार, अनामलै, निलगिरी, तलकावेरी, कुद्रेमुख आणि शेवटचा सह्याद्री. त्या शेवटच्या गटात कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. अख्ख्या पर्वताचं नाव चार ठिकाणांपुरतं उरलं, जसं अगरा तळ्यापुरतं. कासच्या सड्यावर पावसाळ्याच्या अखेरीस सीतेची आसवं आणि तेरडा फुलतो तेव्हा सातारचा माणूस म्हणतो 'कासला जाऊ'. त्याला दोन्ही नावं लागत नाहीत.

बेंगळुरूचा या कथेशी संबंध ट्रेकच्या बसपुरता नाही. पुण्याचे माधव गाडगीळ तीनेक दशकं इथल्या भारतीय विज्ञान संस्थेत होते. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. सबंध पर्वत संवेदनशील माना, त्याचे कमी-अधिक जपायचे तीन स्तर करा, आणि कुठे काय व्हावं हे ग्रामसभांना विचारून ठरवा, असा त्याचा गाभा. दोन वर्षांनी कस्तुरीरंगन समितीने संरक्षित करायचा भाग सुमारे ३७ टक्क्यांवर आणला. तोही मसुद्यांतच फिरत राहिला. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, वायनाडमधली मुंडक्कै आणि चूरलमला ही गावं गेली. दुसऱ्या दिवशी अधिसूचनेचा सहावा मसुदा निघाला.

गाडगीळांनी मराठीत आत्मकथन लिहिलं तेव्हा शीर्षकात 'पश्चिम घाट' घातलं नाही. 'सह्याचला आणि मी' असं म्हटलं, थेट हाक मारून. आयुष्यभर ज्याच्या अहवालांवर 'वेस्टर्न घाट्स' छापलं गेलं त्या माणसाने स्वतःचं बोलताना जुनं नाव घेतलं, याने मला फार बरं वाटलं. तरीही 'घाट' शब्दाचा मला आता राग येत नाही. त्यात ओझं वाहणारे बैल आहेत, मिठाच्या गोण्या आहेत, माझी आजी आहे. ग्रामसभेला विचारा असं म्हणणाऱ्याला ज्या माणसांचं ऐकायचं होतं, ती या शब्दात राहतात.

सह्याच्या पायापासून निघणाऱ्या नद्या पुराणांत मोजल्या आहेत : गोदावरी, भीमरथी, कृष्णवेणी, तुंगभद्रा, कावेरी. यादीतली कावेरी कोडगूतल्या तलकावेरीला उगवते. तिचं पाणी तोरेकाडनहळ्ळीहून शंभरेक किलोमीटर नळातून आणि जवळपास पाचशे मीटर उंच उपसून बेंगळुरूत येतं. तेही घाट चढूनच म्हणायचं. आमच्या इमारतीत पाण्याच्या दिवशी पहाटे खालच्या टाकीची तोटी उघडली जाते आणि शेजारच्या बाई जिन्यावरून हाक मारतात, "कावेरी बंतु", कावेरी आली.